ट्रक धुतला, पण घाण गेली कुठं?

दोस्तांनो, आधी एक सोपं कोडं घालतो. चिखलानं आणि काळ्या तेलानं माखलेला एक दहाचाकी ट्रक आहे. तुम्ही तो पाण्यानं धुऊन लख्ख केलात. आता सांगा, घाण नाहीशी झाली का?

‘हो’ म्हणालात तर चुकलात! घाण नाहीशी झाली नाही, तिनं फक्त जागा बदलली. ट्रकवरून ती जमिनीवर आली, जमिनीवरून गटारात गेली आणि गटारातून आणखी पुढं कुठंतरी. हे ‘कुठंतरी’ म्हणजे कुठं, याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्यालाच एक धंदा नीट चालवता येतो. ट्रक जिथं उभे असतील तिथं आपणच यंत्र आणि पाणी घेऊन जायचं आणि ट्रक धुऊन द्यायचे, असा हा फिरत्या धुलाईचा धंदा. यात विज्ञान आहे, गणित आहे आणि सचोटीची परीक्षाही आहे. चला तर मग, पुण्यातच राहून हा धंदा आतून बघू या.

‘क्लीनर’ हे नाव कसं पडलं?

ट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला जो माणूस असतो त्याला आपण ‘क्लीनर’ म्हणतो. माल उतरवायला हात लावणं, मागं बघून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणं अशी कामं तो करतो. पण नावातच सांगितलंय, त्याचं मूळ काम गाडी स्वच्छ ठेवण्याचं. नदी किंवा ओढा दिसला की ट्रक काठाला लावायचा, बादली आणि चिंधी घ्यायची आणि गाडी धुऊन काढायची, ही वर्षानुवर्षांची रीत. खंडेनवमीला आणि दसऱ्याला तर विचारूच नका! झेंडूच्या माळा घालण्याआधी प्रत्येक गाडीला अंघोळ हवीच.

आता कित्येक ट्रकवर क्लीनर नसतोच, ड्रायव्हर एकटाच असतो. चारशे-पाचशे किलोमीटर गाडी हाकून आल्यावर त्यानं ती धुवायचीही, हे कसं जमणार? मग ट्रक न्यायचा वॉशिंग सेंटरवर. तिथं नंबर लावायचा, ताटकळत बसायचं. पण ट्रकचं पोट भरतं ते खेपांवर. उभा ट्रक एक पैसाही कमवत नाही. दोन तास रांगेत गेले तर धुण्याच्या पैशांपेक्षा बुडालेल्या भाड्याचं नुकसान मोठं असतं.

एसटीचं तसं नाही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) धावली. तेव्हापासून एसटीचा ताफा वाढत गेला आणि तिचे स्वतःचे आगार झाले. मोठ्या ताफ्याला स्वतःची जागा असते, माणसं असतात. पण ज्याच्याकडे आठ-दहाच ट्रक आहेत, अशा मालकानं काय करायचं? निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, गुलटेकडीचं मार्केट यार्ड किंवा चाकणच्या कारखान्यांचा परिसर डोळ्यांपुढं आणा. किती ट्रक उभे असतात तिथं! ते रात्री किंवा रविवारी उभे असतानाच कोणी येऊन धुऊन गेलं तर मालकाची खेप बुडत नाही. फिरती धुलाई चालते ती याच हिशेबावर.

‘पण ट्रक मळला तर मळला, बिघडलं कुठं?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं, बरं का! मागचे दिवे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या चिखलानं झाकल्या की रात्री मागून येणाऱ्याला ट्रक दिसतच नाही. चेसिसला गेलेली चीर किंवा तेलाची गळती मळाखाली लपून राहते. न्हावा-शेवा बंदरात जाणाऱ्या गाड्यांना खारा वारा लागतो, त्यानं गंज लवकर धरतो. आणि दूध किंवा भाजीपाला नेणारी गाडी आतून घाण असेल तर ती घाण शेवटी आपल्याच ताटात येते.

कळसूबाईवरची टाकी

साध्या नळीनं ट्रकवरचा चिकट थर निघत नाही. तिथं हवा दाब.

दाब मोजायचं एक माप आहे ‘बार’. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार पडला तर तो झाला एक बार. तुमच्या इमारतीची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळाला साधारण एक बारचा दाब मिळतो. ट्रकच्या टायरमध्ये आठ बारच्या आसपास हवा भरतात. आणि ट्रक धुणाऱ्या यंत्राचा दाब किती? चांगलं यंत्र १५० बार देतं!

म्हणजे किती ते सांगतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. त्या शिखरावर पाण्याची टाकी ठेवली आणि तिची नळी थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत खाली आणली, तर खालच्या टोकाला जवळपास १६० बारचा दाब येईल. तेवढ्या तोडीचा दाब हे यंत्र एका छोट्या पंपातून काढतं. आहे की नाही गंमत?

पंपाच्या आत तीन दट्टे असतात. इंजिन फिरलं की ते एकामागून एक पुढं-मागं होतात, पाणी आत ओढतात आणि बाहेर ढकलतात. तीन असल्यानं धार तुटक येत नाही, सलग येते. पुढं बंदुकीसारखी मूठ आणि तिच्या टोकाला तोटी. तोटीचं भोक दीड मिलिमीटरच्या आसपास. मिनिटाला १५ लिटर पाणी एवढ्याशा भोकातून जायचं म्हटल्यावर ते किती वेगानं बाहेर पडेल? हिशेब केला तर वेग येतो सेकंदाला सुमारे १७० मीटर, म्हणजे ताशी ६०० किलोमीटर! अर्थात हा वेग अगदी तोटीच्या तोंडाशी. चार-दोन फूट पुढं जाईपर्यंत हवेशी टक्कर होऊन धारेचे थेंब होतात आणि वेग झपाट्यानं कमी होतो. म्हणूनच धुणारा माणूस तोटी जवळ नेतो, लांब नेतो, पण हात एका जागी थांबवत नाही.

एवढा दाब द्यायला ताकदही लागते, साधारण पाच हजार वॉटची. घरातले ५०० वॉटचे दहा मिक्सर एकदम लावल्यासारखंच ते. रात्री ट्रक उभे असतात त्या मैदानात विजेचं एवढं मोठं कनेक्शन कुठून आणायचं? म्हणून फिरत्या यंत्राला पेट्रोलचं किंवा डिझेलचं इंजिन जोडतात.

हे यंत्र तसं फार जुनं नाही. जर्मनीतल्या आल्फ्रेड कार्शर यांनी १९५० साली गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र तयार केलं. युरोपातलं ते पहिलं. त्याच कंपनीनं २००५ साली अमेरिकेत माउंट रशमोर डोंगरावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे प्रचंड चेहरे धुऊन दिले. दगडावर वाढलेलं शेवाळासारखं दगडफूल त्यांनी गरम पाण्याच्या फवाऱ्यानं काढलं.

पाणी वाचतं ते असं

आता एक हिशेब. बागेची साधी नळी मिनिटाला २० लिटर पाणी सोडते असं धरू. नळी चालू ठेवून ट्रक घासत बसलं आणि ४० मिनिटं लागली, तर पाणी गेलं ८०० लिटर. यंत्र मिनिटाला १५ लिटर घेतं, म्हणजे नळीपेक्षा थोडंच कमी. मग फायदा कुठं? फायदा वेळेत आहे. बोट मुठीवरून काढलं की धार बंद. साध्या मळक्या ट्रकला धार प्रत्यक्षात दहा मिनिटं चालली तर पाणी लागलं १५० लिटर.

शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं आपल्याकडे मानतात. म्हणजे नळीनं धुतलेला ट्रक सहा माणसांचं पाणी पितो आणि यंत्रानं धुतलेला एका माणसाचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांकडे उन्हाळ्यात डोळे लावून बसणाऱ्या पुणेकरांना हा फरक समजावून सांगायला नको. बंगळुरूला मार्च २०२४ मध्ये पाण्याची एवढी टंचाई झाली, की पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी आली. दंड होता पाच हजार रुपये!

छोट्या हत्तीच्या पाठीवर किती पाणी?

यंत्र घेतलं, आता गाडी हवी. पुण्यात रस्तोरस्ती दिसणारा ‘छोटा हत्ती’ आठवा. टाटा मोटर्सनं हा छोटा ट्रक २००५ साली आणला. तो पाऊण टनाच्या आसपास माल उचलतो. यावर हजार लिटरची टाकी ठेवली तर?

नाही चालणार! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. हजार लिटर म्हणजे एक टन. टाकीच गाडीला जड झाली. म्हणून टाकी घ्यायची ५०० लिटरची. यंत्र आणि इंजिन मिळून १०० किलो, नळ्या, साबण, बादल्या ५० किलो आणि एक मदतनीस ६० किलो. बेरीज करा, ७१० किलो. बसलं कसंबसं!

टाकी अर्धी रिकामी झाली की नवीनच त्रास. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चाललं तर पाणी फारसं हेलकावत नाही, पण अर्धा हंडा डचमळतो. टाकीचंही तसंच. ब्रेक मारला की सगळं पाणी पुढं धावतं, वळण आलं की बाजूला. कात्रजच्या घाटात असं झालं तर गाडी कलंडायची भीती. म्हणून चांगल्या टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्या पाण्याला एकदम धावू देत नाहीत.

आणि ५०० लिटरमध्ये ट्रक किती? तीनच. उरलेलं ५० लिटर टाकीत राहू द्यायचं, कारण पाणी संपून पंप कोरडा फिरला तर त्याची सीलं जळतात. आठ ट्रक धुवायचे तर टाकी मधे दोनदा तरी भरावी लागणार. कुठून? म्हणून हा धंदा करणारा आधी ‘तुमच्याकडे पाणी कुठलं आहे?’ असं विचारतो. बोअरचं पाणी असेल तर ते जड असण्याचा संभव असतो. ते वाळलं की काचेवर आणि रंगावर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. मग ‘धुतलंय की डाग पाडलेत?’ असं ऐकून घ्यावं लागतं.

साबण खालून वर, पाणी वरून खाली

ट्रकच्या अंगावरचा काळा थर म्हणजे नुसता चिखल नव्हे. डिझेलची काजळी, तेल, ब्रेकमधून उडणारी भुकटी, झिजलेल्या टायरचं रबर आणि धूळ यांचा तो लेप असतो. तेल आणि पाणी यांचं पटत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं साबण मध्यस्थी करतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. असे असंख्य कण तेलाच्या थेंबाला घेरतात आणि त्याला पाण्याबरोबर ओढून नेतात.

साबण लावायचीही एक रीत आहे. तो खालून वर लावायचा. वरून लावला तर ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि पट्टे पडतात. धुताना मात्र उलटं, वरून खाली. केबिनचं टप, मग काच, मग हौदा, मग फाळका आणि शेवटी चाकं. साबण अंगावर वाळू द्यायचा नाही. म्हणून भर दुपारी, पत्रा तापलेला असताना हे काम करत नाहीत.

तोट्यांचे रंगही ठरलेले असतात. लाल तोटीतून सुईसारखी सरळ धार येते. पिवळीची धार १५ अंशात पसरते, हिरवीची २५ आणि पांढरीची ४०. काळी तोटी कमी दाबाची, ती साबणासाठी. ट्रकच्या रंगावर लाल तोटी धरली तर मळाबरोबर रंगही निघेल! तिथं हिरवी किंवा पांढरीच बरी.

ग्रीस लागलं असेल तर गरम पाण्याला पर्याय नाही. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल तेल आपण गरम पाण्यात ठेवून पातळ करतो ना? तसंच ग्रीस ६०-७० अंशांच्या पाण्यानं सैल होतं आणि साबणही कमी लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

सावधान!

ही धार पाण्याची असली तरी खेळणं नव्हे. जवळून अंगावर आली तर ती कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढीच जखम दिसते, पण आत पाणी, साबण आणि घाण खोल गेलेली असते. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. हात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून जाड बूट, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. धार कधीही माणसाकडे किंवा जनावराकडे करायची नाही.

ट्रकलाही जपावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज ६’ नियम लागू झाले, त्यामुळे नव्या ट्रकवर सेन्सर आणि वायरींचं जाळं वाढलं आहे. बॅटरी, वायरींचे जोड, चाकांच्या बेअरिंगची सीलं यांवर जवळून धार मारली की धुलाईच्या पैशांपेक्षा दुरुस्तीचं बिल मोठं होतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या चमकवायला काही ठिकाणी तीव्र आम्लं वापरतात. त्यातलं हायड्रोफ्लोरिक आम्ल तर फारच वाईट. ते कातडीतून आत जातं आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. शहाणा धुणारा त्याच्या वाटेला जात नाही.

आणि हो, हे काम मोठ्या माणसांचं आहे. २०१६ साली सुधारलेल्या कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंतच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. ट्रकबरोबर फिरणारा एखादा कोवळा ‘छोटू’ दिसला तर ते ‘चालायचंच’ नव्हे, हे लक्षात असू द्या.

एका रात्रीचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. आकडे आपण फक्त हिशेबापुरते धरू.

समजा, एका मालकाचे आठ ट्रक आठवड्यातून एकदा धुवायचे ठरले. एका ट्रकचे ५०० रुपये. आठांचे झाले ४०००. दोघांची मजुरी १४००, यंत्राचा आणि गाडीचा हप्ता एका दिवसाला ८००, जाण्या-येण्याचं इंधन ३००. हे २५०० रुपये ट्रक आले किंवा नाही आले तरी जाणारच. शिवाय प्रत्येक ट्रकमागं यंत्राचं पेट्रोल ३० रुपये, पाणी आणि साबण ४० रुपये आणि घाण पाण्याची व्यवस्था ३० रुपये, असे १०० रुपये. आठ ट्रकचे ८००. उरले किती? ७०० रुपये.

आता गंमत बघा. ऐन वेळी दोन ट्रक खेपेवर गेले, सहाच धुतले. आले ३०००. गेले २५०० आणि ६००. शंभर रुपये खिशातून गेले! दोन ट्रक कमी झाल्याबरोबर नफ्याचा तोटा झाला. म्हणून या धंद्यात ‘दर आठवड्याला इतके ट्रक नक्की’ असा लेखी करार सोन्यासारखा. त्यात पुन्हा उधारी असते. काम आज आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी. तोपर्यंत मजुरांना आणि पेट्रोलपंपाला थोडंच थांबवता येतं? पावसाळ्यात तर मालक म्हणतो, ‘आता पाऊसच धुतोय की गाड्या!’

वरच्या हिशेबातले घाण पाण्याचे ३० रुपये नीट बघा. आठ ट्रकचे झाले २४० रुपये. पाणी सरळ गटारात सोडलं तर हे वाचतात. नफा ७०० वरून ९४० होतो. कुणी बघत नसतं, रात्रीची वेळ असते. मोह होणारच!

आणि समोरचाही तो वाढवतो. समजा तुम्ही विचारलंत, ‘शेठ, गाड्या धुवायच्या आहेत का? पाचशे पडतील.’ तर उत्तर मिळेल, ‘तो पलीकडचा साडेचारशेत धुतो!’ पलीकडच्याला साडेचारशे परवडतात कसे? त्याच्या खर्चातला एक भाग दुसराच कुणीतरी भरत असतो. कोण, ते आता बघू.

गटारातून पंढरपूरला

रस्त्याकडेची पावसाळी गटारं साधारणपणे शुद्धीकरण केंद्रात जात नाहीत. ती ओढ्याला मिळतात आणि ओढा नदीला. निगडी-पिंपरीकडचं पाणी पवनेत, पवना दापोडीजवळ मुळेत, मुळा आणि मुठा संगमावर एक होतात आणि पुढं भीमेला मिळतात. चाकण भागातले ओढे इंद्रायणी आणि भामा या नद्यांकडे जातात. त्याही शेवटी भीमेलाच मिळतात. भीमेवर उजनी धरण आहे. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. आणि पुढं तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते.

समजलं का आपल्या कोड्याचं उत्तर? पुण्यात रात्री गटारात सोडलेलं तेल आणि साबण खाली राहणाऱ्या लोकांच्या वाटेला लागतं. ते पन्नास रुपये पलीकडच्यानं कमी केले नाहीत, नदीकाठच्या माणसांवर ढकलले. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत अनेकदा आल्या. तो फेस काही ट्रक धुणाऱ्यांमुळे आला असं नव्हे; कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी हे त्याचं मोठं कारण. पण त्यात आपली बादली ओतायची का, हा प्रश्न उरतोच. नदीत असं घाण पाणी सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं मनाई आहे.

मग करायचं काय? ट्रकखाली कडा उंच असलेली जाड ताडपत्री अंथरायची, म्हणजे पाणी पसरत नाही. साचलेलं पाणी छोट्या पंपानं ओढून पिंपात घ्यायचं. ज्या आवारात धुलाई नेहमीची असते तिथं तीन कप्प्यांची टाकी बांधता येते. पहिल्या कप्प्यात गाळ खाली बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं आणि तिसऱ्यात त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी येतं. ते गाळून चाकं आणि चेसिस धुवायला पुन्हा वापरता येतं. वर जमलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते परवाना असलेल्यांकडेच द्यावं लागतं. असा कचरा घेणारा प्रकल्प पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे.

पण यात एक मेख आहे. ती घरीच करून पाहा.

दोन बाटल्या घ्या. दोन्हींत अर्ध्यापर्यंत पाणी आणि दोन चमचे गोडं तेल घाला. एकीत भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका. दोन्ही खूप हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या बाटलीत थोड्याच वेळात तेल वर येऊन वेगळं होईल. साबणाच्या बाटलीत मात्र पाणी दुधासारखं पांढरट होईल आणि बराच वेळ तसंच राहील. साबणानं तेलाला पाण्यात असं मिसळून टाकलं, की ते वर यायलाच तयार नाही!

म्हणजे ज्या साबणानं ट्रक झटपट निघाला, त्याच साबणानं तीन कप्प्यांच्या टाकीचं काम अवघड केलं. म्हणून जाणकार धुणारा साबण भसाभस ओतत नाही. तो आधी कोरडा चिखल खरवडून काढतो, मग गरम पाणी वापरतो आणि साबण लागेल तेवढाच. हाताला जरा जास्त कष्ट पडतात, पण पुढचं सगळं सोपं होतं.

तीन प्रश्न

सचोटीनं धुणाऱ्यानं मग साडेचारशेवाल्यापुढं हात टेकायचे का? तसं नाही. पर्यावरणाची काळजी घेण्याचं ‘आयएसओ १४००१’ नावाचं प्रमाणपत्र १९९६ पासून आहे. ज्या कारखान्यांनी ते घेतलं आहे त्यांना आपल्या आवारात काम करणाऱ्या ठेकेदाराच्या घाण पाण्याचाही विचार करावा लागतो. अशा ठिकाणी ‘पाणी कुठं गेलं’ याची नोंदवही दाखवणारा माणूस पन्नास रुपये महाग असला तरी त्यांच्या सोयीचा असतो. म्हणून असा धंदा सुरू करणाऱ्यानं यंत्राच्या आधी ती वही विकत घ्यावी, असं म्हटलं तरी चालेल. किती ट्रक धुतले, पाणी कुठून आलं, किती लागलं आणि वापरलेलं पाणी व तेल कुणाला दिलं, एवढं रोज लिहायचं.

तुमच्या घराजवळही एखादं वॉशिंग सेंटर असेलच. बाबांबरोबर, काकांबरोबर किंवा ताईबरोबर गाडी घेऊन गेलात तर तिथल्या काकांना तीन प्रश्न विचारून बघा: ‘काका, पाणी कुठून आणता? एका गाडीला किती लागतं? आणि धुतल्यावर ते जातं कुठं?’ नीट विचारलंत तर बरेच जण हौसेनं सगळं दाखवतील. मग ते पाणी कुठल्या ओढ्याला आणि कुठल्या नदीला मिळतं, ते नकाशात शोधून काढा. शेवटच्या गावाचं नाव वहीत लिहायला विसरू नका!